पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये

बियाण्याची पोती पोचवून परतताना ट्रक पुन्हा अडकला,
रेल्वे फाटकाच्या अलीकडे,
पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मध्ये.
उतरलो, बॉनेट उघडलं,
स्टिअरिंगच्या दांड्याच्या बुडाशी हात घालून
दोन तरफा एकमेकींपासून सोडवल्या.
त्रेपन्न सालापासून आमच्या घरातलं प्रत्येक माणूस
हे करत आलंय.
आई तर चर्चला जाताना करायची, पांढरे हातमोजे दातांत धरून.

पण लिंकेज नीट लावणं हे एकट्याचं काम नाही.
एक माणूस खाली लागतो, एक वर.
मी करून पाहिलं एकट्याने:
क्लचवर वीट, गिअरच्या दांडीला दोरी,
दोरीचं टोक हातात घेऊन ट्रकखाली.
वीट घसरली.

मग फोन केला. सोळा वर्षांनी.
नंबर तोच, बापाच्या घरातला.
"लिंकेज," एवढंच म्हणालो.
आर्विड जरा वेळ गप्प. मागे त्याचं कुत्रं.
"येतो."

त्याचे गुडघे गेलेत, म्हणून तो वर बसला,
मी खाली.
वाटणीतही असंच झालं होतं, पण ते असो.

ऑक्टोबरातली नॉर्थ डकोटाची फरशी
पुठ्ठ्यातूनही पाठीला ओळखते.
"न्यूट्रल," मी म्हणालो.
"न्यूट्रल," तो म्हणाला.
दोन्ही तरफांच्या भोकांतून पाव इंची ड्रिलचं पातं ओवलं,
सुईत दोरा ओवावा तसं, जीभ बाहेर काढून.
नट सैल केले. सळया आपापल्या जागी आल्या.
"पहिला."
"पहिला."
"दुसरा."
"दुसरा."
इतकं आम्ही बोललो नव्हतो आईच्या मयताला.

मागच्या सळईच्या टोकाला बुश असायला हवा,
तिथे निघाली चामड्याची चकती,
भोक खिळ्याने पाडलेलं, तेल पिऊन काळी.
बापाचं काम. मी काही बोललो नाही.
वरून आवाज आला,
"चामडंच आहे ना अजून तिथे?"
"आहे."
"माझ्या पट्ट्याचं असणार. एकसष्ट साली हरवलेला.
मला वाटायचं, तू चोरलास."

माझ्या डोळ्यांसमोरची सळई थरथरली.
तो हसत होता का,
हे खालून कळायला मार्ग नाही.

मग स्प्रिंग.
मी थ्रॉटलला जाळीच्या दाराची स्प्रिंग अडकवली होती,
एलेव्हेटरपर्यंत जाईतो पोटरीत गोळे यायचे.
आर्विडने ती बोटावर तोलली.
"फाटकाला लाव ही. बैल अडवेल."
त्याने कोटाच्या खिशातून तीन काढल्या,
म्हणजे घरून निघतानाच त्याला माहीत होतं.
पहिली लेचीपेची. दुसरी तिच्या बहिणीसारखी.
तिसरी पट्टीच्या एक भोक अलीकडे.

तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात.
ओढच राहिली नाही तर काय होतं, ते कुणी सांगत नाही:
पाय काढून घेतला तरी इंजिन घोंगावत राहतं,
आणि गाडी जात राहते, जिथे कुणालाच जायचं नव्हतं तिथे.

पेडल दाबलं, सोडलं. परत आलं.
दाबलं, सोडलं. परत आलं.
आम्ही दोघं ते उगाच बराच वेळ बघत राहिलो.

चालवायला तो बसला.
पहिला. दुसरा, लोण्यातून सुरी.
दक्षिणेचा तुकडा आला,
त्याने मला न विचारता विकलेला,
आता कुणा परक्याचं बीट उभं त्यात, अर्धं उपटलेलं.
तो रस्त्याकडे बघत होता. मीही.
तिसरा.

वळून येताना, फाटकाच्या अलीकडे, अडकला.
दोन्ही दारं एकदम उघडली.
बॉनेटखाली एकाच हातापुरती जागा असते,
तिथे दोन.
"पाव फेरा जास्त झाला," तो म्हणाला.
"कमी झाला," मी म्हणालो.